पोट भरल्यावरही हात का थांबत नाही?

मोरपंखी
वजन कमी करण्याच्या उपायांवर येथे पूर्वी भरपूर चर्चा झालेली आहे, म्हणून तो विषय या धाग्यात नको. मला विचारायचे आहे ते त्याच्या एक पायरी अलीकडचे आहे. पोट भरल्याची जाणीव आपल्यापैकी बहुतेकांना होते आणि ती होऊनही आपण जेवत राहतो. असे का होते, आणि त्यात घरातल्या रोजच्या सवयींचा वाटा किती, यावर सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

माझे निरीक्षण आधी मांडते. आमच्याकडे रात्रीचे जेवण दोन टप्प्यांत होते. आधी पोळी, भाजी, आमटी, कोशिंबीर आणि मग भात. भातातही आधी आमटीभात, शेवटी ताकभात. पोळ्या संपतात तेव्हा माझे पोट भरलेले असते आणि ते मला स्पष्ट कळते. हात मंदावतो, आणखी अर्धी पोळीही नकोशी वाटते. तरीसुद्धा "भात वाढू का?" असा प्रश्न आला की तोंडून "थोडा वाढ" असेच निघते, कारण भाताशिवाय जेवण पुरे झाले असे वाटतच नाही. म्हणजे माझे जेवण कधी संपावे हे पोट ठरवत नाही, ताटातला क्रम ठरवतो, आणि त्या क्रमाचा शेवट पोट भरण्याच्या बराच पुढे ठेवलेला आहे. गंमत अशी की, बाहेर मिसळ किंवा डोसा खाल्ला तर तेवढ्यावर जेवण झाले असे मी बिनतक्रार मानते. तेथे भात नसल्याची रुखरुख लागत नाही. यावरून भाताची भूक पोटात नसून डोक्यात असावी, असा माझा कयास आहे.

बोरूबहाद्दर
उत्तम विषय. तुमच्या कयासाला बळ देणारा एक जुना प्रयोग आहे. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला. मेंदूला इजा झाल्यामुळे नवे काहीही लक्षात न राहणाऱ्या दोन रुग्णांना त्यांनी पूर्ण जेवण दिले, ताटे उचलली, आणि दहा ते तीस मिनिटांनी तसेच जेवण पुन्हा त्यांच्यासमोर ठेवले. आपण नुकतेच जेवलो आहोत हे आठवत नसल्यामुळे दोघेही पुन्हा जेवले, आणि बहुतेक वेळा तिसरे जेवणही त्यांनी सुरू केले. स्मरणशक्ती शाबूत असलेल्या लोकांनी मात्र दुसरे ताट नाकारले. रुग्णांची पोटे काही रिकामी नव्हती. "आपले जेवण झाले" ही समजूत तेवढी नव्हती.

जेवण संपणे ही अर्धी पोटातली आणि अर्धी समजुतीतली घटना आहे, असे मी यावरून मानतो. तुमच्या घरी ती समजूत ताकभाताला बांधलेली आहे. कोणाकडे ती गोडाला बांधलेली असते, कोणाकडे विड्याला.

तिरफळ
मोरपंखी यांचे निरीक्षण देशावरच्या घरांना अधिक लागू पडते, असे नम्रपणे नोंदवतो. आम्हा कोकण-गोव्याकडच्या लोकांचे जेवण भातानेच सुरू होते आणि भातानेच संपते, त्यामुळे पोळीनंतरचा भात असा टप्पा आमच्याकडे नाही. आमच्याकडे जेवण लांबते ते कालवणामुळे. बांगड्याचे तिखले किंवा सुंगटांचे हुमण चांगले उतरले असेल, तर कालवण उरले म्हणून भात आणि भात उरला म्हणून कालवण, अशी दोघांची शर्यत लागते, आणि दोन्ही एकाच वेळी संपण्याचा योग फार क्वचित येतो. वर सोलकढी प्यायची ती "जिरवायला" म्हणून. पोट भरल्याचे कळलेले असतेच, पण ताटात काहीतरी शिल्लक असते आणि ते तसेच ठेवून उठण्याची आम्हाला शिकवण नाही.

आडवाट
सोपा उपाय आहे: लहान ताट आणि लहान वाट्या घ्याव्यात. सूपच्या वाडग्याला खालून नळी जोडून ते गुपचूप भरत ठेवले, तर लोक पुष्कळ जास्त पितात आणि तरी आपण जास्त प्यायलो असे त्यांना वाटत नाही, असा एक प्रसिद्ध अमेरिकी प्रयोग आहे. डोळ्यांना जेवढे दिसते तेवढेच पोटाला मोजता येते.

बोरूबहाद्दर
आडवाट, तो प्रयोग कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉनसिंक यांचा, २००५ चा. त्यांच्या कामाचा दाखला जपून द्यावा लागतो. २०१८ मध्ये त्यांचे सहा शोधनिबंध एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिक-समूहाने एकाच वेळी मागे घेतले, विद्यापीठाने चौकशीअंती संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि त्यांनी राजीनामा दिला. मागे घेतलेल्या निबंधांत हा वाडगा होता असे मी म्हणत नाही. परंतु लहान ताटाचा सल्ला ज्या ठामपणे सगळीकडे दिला जातो, तेवढा तो पक्का नाही. वाढलेले अधिक असेल तर माणूस अधिक खातो, ही गोष्ट मात्र इतर संशोधकांनी, विशेषतः पेनसिल्व्हेनियातील बार्बरा रोल्स यांनी, पुन्हा पुन्हा दाखवलेली आहे.

शिवाय आपल्याकडे ताटाच्या आकाराने फारसे काही अडत नाही. आपण ताट एकदाच भरून घेत नाही, आपल्याला वाढले जाते. तव्यावरची गरम पोळी पानातली पोळी संपण्याच्या आत येऊन पडते, आमटीची वाटी तळ दिसण्याआधी भरली जाते, आणि शेवटी एकूण किती खाल्ले याचा कोणताही पुरावा ताटात राहत नाही. खालून भरणारा वाडगा तयार करायला त्यांना प्रयोगशाळा लागली. आपल्याकडे तो प्रत्येक पंगतीत असतो. घरी "आज किती पोळ्या खाल्ल्यास?" असे विचारून पाहावे. पोळ्या करणारीला आकडा ठाऊक असतो, खाणाऱ्याला बहुधा नसतो.

सांजवेळ
ज्या जेवणाची कोठेच मोजदाद होत नाही, त्याविषयी लिहिते. सगळ्यांची जेवणे झाल्यावर आवराआवर करताना ओट्यापाशी उभे राहून जे खाल्ले जाते, ते जेवण समजले जात नाही. पातेल्याच्या तळाशी राहिलेला दीड डाव भात, वाटीभर उसळ, मुलाने कडा कुरतडून टाकलेली अर्धी पोळी. डब्यात काढून ठेवायला फार थोडे आणि टाकायला फार जास्त, असे हे अन्न असते. स्वतःचे जेवण तासाभरापूर्वीच झालेले असते, भुकेचा मागमूसही नसतो, तरी ते पोटात जाते. कारण दुसरा पर्याय ते कचऱ्यात टाकण्याचा असतो आणि तसे करायला हात धजावत नाही.

हा हात न धजावण्याचा संस्कार कोठून आला, हेही सांगायला हवे. माझे वडील १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात वाढत्या वयाचे होते. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि शाळेत मिळणारी सुकडी यांवर त्यांनी दिवस काढले. त्यांच्या पानात आजही जेवणानंतर शीत राहत नाही. त्यांना "पोट भरले असेल तर टाकून द्या" असे सांगणे मला उद्धटपणाचे वाटते. मात्र तोच नियम माझ्या घरात, जेथे फ्रिज भरलेला आहे आणि किराणा दहा मिनिटांत दारात येतो, तेथे जसाच्या तसा चालू आहे. अन्न वाया जाऊ नये म्हणून ते माझ्या पोटात गेले, तर ते सत्कारणी लागले असे कसे म्हणावे, हे मला अजून उमगलेले नाही.

जुनेजाणते
आधीच्या पिढ्यांना खाण्याचे तारतम्य नव्हते असा सूर येथे लागू नये, म्हणून हा प्रतिसाद. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात जठराचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाने, एक भाग पेयाने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा सोडावा, असे स्वच्छ सांगितले आहे. आधीचे जेवण पचण्यापूर्वी पुन्हा खाण्याला आयुर्वेदात 'अध्यशन' असे नाव आहे आणि ते रोगाचे कारण मानले आहे. पूर्वी पंगतीत जेवण झाल्यावर उत्तरापोशन, म्हणजे शेवटचे आचमनाचे पाणी, घेतले जाई आणि ते घेतल्यावर पुन्हा पानाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. यजमानाने जिलबीचा कितीही आग्रह केला तरी उत्तरापोशन झाले म्हटल्यावर त्याचा इलाज चालत नसे. आपण आग्रह तेवढा जपला आणि त्याला लगाम घालणारा विधी सोडून दिला.

पांथस्थ
सावकाश जेवा, घास चावून खा, मोबाइल बाजूला ठेवा, हे सल्ले आता येथे येतीलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. मी एका कारखान्यात पाळीत काम करतो. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. त्यातला बराच वेळ हात धुण्यात आणि कॅन्टीनच्या रांगेत जातो, आणि ताट हातात येते तेव्हा दहा-बारा मिनिटे उरलेली असतात. तेवढ्यात चार चपात्या, भाजी, डाळ, भात संपवून जागेवर परतायचे असते. पोट भरल्याचे मला मशीनपाशी उभे राहिल्यावर कळते, आणि तेव्हा ते नुसते भरलेले नसते, तडस लागलेली असते. सुट्टीच्या दिवशी घरी निवांत जेवायला बसलो तरी वेग तोच राहतो, हा यातला खरा त्रास आहे. याला माझी वैयक्तिक सवय म्हणायचे की कारखान्याने लावलेली, हे ठरवणे अवघड आहे.

दवबिंदू
मी व्यवसायाने फॅमिली डॉक्टर आहे. पांथस्थ यांनी सांगितलेल्या उशिरा होणाऱ्या जाणिवेचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. जठर ताणले गेल्याचा संदेश व्हेगस नावाच्या चेतातंतूवाटे मेंदूकडे त्या मानाने लवकर पोहोचतो. पण तृप्तीचा दुसरा आणि अधिक टिकाऊ संदेश आतड्यांतून स्रवणाऱ्या संप्रेरकांवर अवलंबून असतो, आणि अन्न आतड्यापर्यंत उतरून ती संप्रेरके रक्तात पुरेशी वाढायला साधारणतः पंधरा-वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत संपलेल्या जेवणाला हा दुसरा संदेश गाठू शकत नाही. भूक आवरणारे लेप्टिन (१९९४) आणि भूक जागवणारे घ्रेलिन (१९९९) या संप्रेरकांच्या शोधांनंतर भूक म्हणजे केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नाही, हे वैद्यकाने मान्य केले आहे, पण रुग्णांचे नातेवाईक अजून मान्य करत नाहीत.

अन्नाच्या स्वरूपाचाही यात मोठा हात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून त्यांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे अन्न दिले. दोन्ही आहारांत समोर मांडलेले उष्मांक, साखर, स्निग्धांश आणि तंतू सारखे राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. प्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात त्यांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले, आणि ते खाण्याचा त्यांचा वेगही अधिक होता. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मऊ, कमी चावावे लागणारे अन्न भराभर पोटात जाते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे.

पांथस्थ, तुमची सुट्टी मी वाढवू शकत नाही. पण चार चपात्या एकदम न घेता दोन घ्याव्यात, डाळ, उसळ आणि कच्चा कांदा-काकडी आधी संपवावी, आणि राहिलेल्या दोन चपात्या डब्यात ठेवून पुढच्या चहाच्या वेळी भूक असेल तरच खाव्यात. भूक नसेल तर त्या घरी परत न्याव्यात.

कुंदकळी
पोट तडस लागेपर्यंत भरलेले असते, पुरणपोळीचा तुकडाही नको असतो, आणि तेवढ्यात कोणी आइसक्रीम आणले की जागा होते. ही जागा कोठून येते?

बोरूबहाद्दर
तुम्हाला पुरणपोळीचा कंटाळा आलेला असतो, खाण्याचा नव्हे. एकच चव खात राहिले की त्या चवीची गोडी उतरते, पण न खाल्लेल्या चवीची ताजी राहते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास यावर बरेच प्रयोग केले. आता आपले ताट आठवावे: डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे दोन भाज्या, मध्ये गोड, वर तळण. एकीचा कंटाळा यायच्या आत दुसरी चव हजर असते. मोरपंखी यांच्या ताकभाताचेही तेच आहे. आमटीच्या तिखट-गोडानंतर आंबट, थंड ताक आले की जीभ नव्याने सुरुवात करते. आपल्या ताटाची रचना मला अत्यंत प्रिय आहे आणि तिच्यावर टीका करण्याची इच्छा नाही, पण थांबायला सोपे जावे म्हणून ती केलेली नाही, एवढे खरे.

दूरदेशी
आम्ही न्यू जर्सीत असतो. येथील उपाहारगृहांतल्या राक्षसी वाढण्यांबद्दल सर्वांना ठाऊक आहेच. तरी उरलेले डब्यात घालून घरी नेण्याची येथे पद्धत असल्यामुळे ते सगळे संपवण्याची सक्ती होत नाही. मला लिहायचे आहे ते लहान मुलांविषयी.

रोल्स यांच्याच एका प्रयोगात (२०००) साधारण साडेतीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलांना कमी-अधिक वाढून पाहिले. लहानग्यांनी कितीही वाढले तरी जवळपास सारखेच खाल्ले. पाच वर्षांच्या मुलांनी मात्र जास्त वाढले तेव्हा जास्त खाल्ले. पोटाचे ऐकण्याची कला जन्मतः असते आणि शाळेत जाण्याच्या वयापर्यंत ती मागे पडू लागते, असा मी त्याचा अर्थ घेते. आमच्या मुलाच्या डॉक्टरांचा सल्ला होता की काय आणि केव्हा द्यायचे ते आईवडिलांनी ठरवावे, किती खायचे ते मुलाने. मग माझ्या सासूबाई भारतातून आल्या. त्यांच्या मांडीवर बसून तो वरणभात खाई. पोट भरले की तो तोंड फिरवी, ओठ घट्ट मिटून घेई. मग चिऊचा घास होई, काऊचा होई, आणि खिडकीतून कावळा दाखवताना उघडलेल्या तोंडात तो घास जाई. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु मुलाने दिलेली "पुरे" ही खूण, लक्ष दुसरीकडे वळवून, दिवसातून अनेक वेळा चुकवली जात होती, आणि मोठेपणी आपण मोबाइल पाहत जेवतो तेव्हा स्वतःशी नेमके हेच करतो.

सांजवेळ
दूरदेशी, हा शेवटचा मुद्दा फार लागला. मग सासूबाईंशी तुम्ही कसे बोललात?

दूरदेशी
मी बोलले नाही. मुलाच्या बाबांनी त्यांना डॉक्टरांच्या भेटीला बरोबर नेले आणि डॉक्टरांनीच सांगितले. "मग त्याने मागितले तर देऊ ना?" एवढेच त्यांनी विचारले. मागितल्यावर द्यायचे, यावर एकमत झाले.

आडवाट
उपवासाचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. दिवसभर "आज उपास आहे" या जाणिवेने साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू यांचा जो समाचार घेतला जातो, तो एरवीच्या दिवशी घेतला जात नाही. हल्ली दिवसातून दोनदाच जेवण्याचे जे प्रकार लोकप्रिय आहेत, त्यांतही मधल्या वेळी काही मिळणार नाही या धास्तीने काही लोक ताटावर तुटून पडतात, असे आमच्या कार्यालयात दिसते.

बेलफळ
मी तर सडपातळ आहे. दोन घास जास्त गेले तर मला काय फरक पडणार आहे? हा धागा जाड माणसांसाठी असावा.

दवबिंदू
बेलफळ, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नेमक्या याच समजुतीला धक्का दिला. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ होता, म्हणजे दोघेही सडपातळच; पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटाच्या आत चरबी साठलेली असू शकते. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० कोटींहून अधिक आहे, आणि त्यात सडपातळ माणसेही पुष्कळ आहेत.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने सांगणे मला आवश्यक वाटते. येथे चर्चा चालली आहे ती दोन घास जास्त जाण्याची. परंतु कोणाला थोड्या वेळात भरमसाट खाल्ले जाते, ते थांबवता येत नाही असे वाटते, लाजेने एकट्याने खाल्ले जाते, नंतर स्वतःचा तिटकारा येतो, आणि असे आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने घडत असेल, तर तो सवयीचा प्रश्न राहत नाही. तो एक आजार आहे, २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा व्यक्तीला "जरा जिभेवर ताबा ठेव" असे सांगू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

मोरपंखी
सर्वांचे आभार. बोरूबहाद्दर यांचा समजुतीचा मुद्दा वाचल्यापासून आमच्याकडे एक बदल करून पाहते आहे. भात शेवटी न वाढता पोळीबरोबरच, एका वाटीने मापून, सुरुवातीलाच ताटात ठेवते. एक पोळी कमी होते आणि भात वाढण्याचा तो प्रश्नच उद्भवत नाही. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी "हे काय खानावळीसारखे?" असे विचारले. ताक त्यांनी शेवटी वाटीतून प्यायले आणि जेवण झाले असे मानले, हे पाहून मला आश्चर्य वाटले. म्हणजे खूण भाताची नव्हती, ताकाची होती. पोळ्या मात्र आता डब्यात टेबलावर असतात. गरम पोळी थेट पानात येत नाही आणि त्याबद्दलची नाराजी अद्याप कायम आहे.

सांजवेळ
हे करून पाहण्यासारखे आहे. आमच्या सासूबाई इन्सुलिन घेतात. त्यांचा रात्रीचा भात असा कमी केला तर चालेल का?

दवबिंदू
त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. इन्सुलिनची किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्यांची मात्रा रोजच्या खाण्याच्या अंदाजाने ठरवलेली असते; मात्रा तीच ठेवून भात एकाएकी कमी केला तर रात्री झोपेत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी काही दिवस जेवणापूर्वीची आणि झोपण्यापूर्वीची साखर घरच्या यंत्रावर तपासून तारखेनिशी लिहून ठेवावी आणि ती वही घेऊन त्यांच्याकडे जावे. तोपर्यंत भात कमी न करता फक्त त्याची जागा बदलावी, म्हणजे नेहमीएवढाच भात मापून पोळीबरोबर सुरुवातीला वाढावा.